यानिस कुरोस : न थांबण्याचा हिशेब

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, हे आता बहुतेकांना पाठ झालंय. त्याहून लांब पल्ल्याच्या शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. आज आपण या प्रकारातला ग्रीक धावपटू यानिस कुरोस याची कारकीर्द समजून घेणार आहोत. तिची सुरुवात कौतुकानं नाही, संशयानं झाली.

हेरोडोटसनं लिहून ठेवलंय की इसवी सनापूर्वी ४९० मध्ये फिडिपिडीस नावाचा निरोप्या अथेन्सहून निघाला आणि दुसऱ्या दिवशी स्पार्टाला पोहोचला. हे खरंच शक्य आहे का, हे पाहायला १९८२ साली ब्रिटिश हवाई दलातले जॉन फोडेन आणि त्यांचे साथीदार तेवढं अंतर धावले. फोडेन यांना ३७ तासांहून थोडा जास्त वेळ लागला. त्यातूनच १९८३ साली २४६ किलोमीटरची ‘स्पार्टाथलॉन’ शर्यत सुरू झाली. आणि २७ वर्षांचा, बाहेर कुणाला फारसा माहीत नसलेला कुरोस ती २१ तास ५३ मिनिटांत जिंकला!

आता सांगा, कोण विश्वास ठेवणार? वाटेत कुठे गाडीत तर बसला नसेल, अशी कुजबुज झाली.

कुरोसनं उत्तर पायांनी दिलं. १९८४ च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये सहा दिवसांची शर्यत झाली. ही गोल ट्रॅकवरची, म्हणजे प्रत्येक फेरी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तिथे तो सुमारे १,०२२ किलोमीटर धावला आणि जॉर्ज लिटलवुडचा १८८८ चा विक्रम ९६ वर्षांनी मोडला. त्याच वर्षी तो पुन्हा स्पार्टाथलॉनला उतरला. या वेळी २० तास २५ मिनिटं. कुजबुज थांबली.

पण त्याच्याकडे होतं तरी काय? वेग? तर तसं नाही. मॅरेथॉनमधली त्याची सर्वोत्तम वेळ २ तास २५ मिनिटांच्या आसपास होती. चांगलीच, पण जागतिक विक्रमाच्या बरीच मागे. त्याचं वेगळेपण मंदावण्यात होतं. इतर जितके मंदावत, तितका तो मंदावत नसे.

हे १९९७ च्या ॲडलेडमधल्या शर्यतीवरून नीट कळतं. चारशे मीटरच्या ट्रॅकवर २४ तासांत तो ३०३.५०६ किलोमीटर धावला. आपण भागाकार करून पाहू. एका किलोमीटरला साधारण ४ मिनिटं ४५ सेकंद. म्हणजे सुमारे ३ तास २० मिनिटांची एक मॅरेथॉन, आणि अशा सातांहून जास्त, एकामागून एक. खाणं, पिणं, सगळं त्यातच धरलंय बरं का.

शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, काही तासांच्या धावण्यात संपत येते. पुढे चरबी आणि धावता धावता पोटात गेलेलं अन्न यांवर भागवावं लागतं. पण धावताना रक्त स्नायूंकडे वळतं, त्यामुळे पोट कुरकुर करू लागतं. त्यात झोप आणि पायांचं दुखणं. म्हणून अशा शर्यतीत पोट आणि मन हेही पायांइतकेच धावतात. शरीर थकल्यावर मन ताबा घेतं, असं कुरोस स्वतः सांगत आलाय. आम्हाला वाटतं, हे मन म्हणजे चमत्कार नव्हे. वेदना आहे हे मान्य करून पुढची फेरी घ्यायची सवय आहे.

त्याचे विक्रम अढळ राहिले का? नाही. २४ तासांचा विक्रम २०२१ साली लिथुआनियाच्या अलेक्सांद्र सोरोकिननं मोडला आणि पुढच्याच वर्षी तो ३१९.६१४ किलोमीटरवर नेला. स्पार्टाथलॉनमधली ती १९८४ ची वेळ २०२३ साली ग्रीसच्याच फोटिस झिसिमोपुलोसनं मागे टाकली. पण बघा, एकाला २४ वर्षं लागली, दुसऱ्याला ३९.

ज्या वेळेवर लोकांचा विश्वास बसत नव्हता, तीच वेळ गाठायला पुढच्या दोन पिढ्या धावल्या. विक्रमाचं काम हेच असतं, नाही का?