प्रमाणचिन्ह कोणी पाहावयाचे?

मेनरोडवरच्या दुकानात पाणी तापवण्याचा रॉड घेणारा गृहस्थ तो हाताळून पाहतो, त्यावरचे आयएसआय चिन्ह शोधतो आणि माल खोटा निघाल्यास दुसऱ्या दिवशी त्याच दुकानाची पायरी चढतो. ऑनलाइन खरेदीत ही पायरीच उरलेली नाही. तेथे ग्राहकाला वस्तूचे चित्र दिसते, आणि पैसे भरल्यानंतर वस्तू.

यातून काय घडते ते 19 मार्च 2025 रोजी दिसून आले. भारतीय मानक ब्यूरोच्या पथकाने दिल्लीत ॲमेझॉनच्या वखारीची पंधरा तास झडती घेतली. गिझर, मिक्सर इत्यादी साडेतीन हजारांहून अधिक जिनसा जप्त झाल्या. त्यांवर प्रमाणचिन्ह नव्हते, किंवा होते ते बनावट होते. मालाची किंमत सुमारे 70 लाख रुपये होती.

प्रमाणचिन्ह हा केवळ शोभेचा शिक्का नव्हे. रॉडमधील तापणारी तार आणि बाहेरची धातूची नळी यांच्यामधले विद्युतरोधन निकृष्ट असेल, तर प्रवाह बादलीतल्या पाण्यात उतरतो. नाशिकच्या थंडीत पहाटे त्या पाण्यात हात घालणाऱ्या गृहिणीस हे डोळ्यांनी कळावयाचे नाही. ते प्रयोगशाळेतच कळते. म्हणूनच गिझर, इस्त्री, रॉड यांना 2003 च्या आदेशाने प्रमाणचिन्ह सक्तीचे केले.

कंपन्या म्हणतात, आम्ही केवळ मध्यस्थ, माल विक्रेत्याचा. माहिती तंत्रज्ञान कायद्याने मध्यस्थाला काही आश्रय दिला आहे, हे खरे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनीही मालाचे वर्णन खरे असल्याची विक्रेत्याकडून हमी घेण्यावर भागवले. परंतु वखार कंपनीची, खोके कंपनीचे, पोहोचवणारा माणूस कंपनीचा, आणि प्रत्येक विक्रीमागे दलालीही तिचीच. मग जबाबदारी तेवढी परक्याची कशी? 2016 च्या मानक कायद्याने चिन्हाविना सक्तीची वस्तू विकणेच नव्हे, तर साठवणे आणि विक्रीस मांडणेही निषिद्ध ठरवले आहे. पडद्यावर वस्तू दाखवणे हे मांडणे नव्हे, तर दुसरे काय?

दूरसंचाराच्या एका वस्तूबाबत सरकारने योग्य पाऊल टाकले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास वॉकी-टॉकीच्या सोळा हजारांहून अधिक नियमबाह्य जाहिराती आढळल्या. त्यानंतर मे 2025 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे निघाली. त्यांनुसार संचाची कंप्रता आणि शासकीय मान्यता पडताळल्याशिवाय तो विक्रीस ठेवता येत नाही. जानेवारी 2026 मध्ये आठ मंचांना मिळून 44 लाखांचा दंड झाला. नाशिककरांनी हा प्रश्न दूरचा समजू नये. 2027 च्या सिंहस्थात रामकुंडावरील गर्दी आवरणाऱ्या पोलिसांच्या बिनतारी संभाषणात एखाद्या बेकायदा संचाने व्यत्यय आणला, तर त्याची किंमत दंडाच्या रकमेत मोजता येणार नाही.

आमचे म्हणणे इतकेच की, वॉकी-टॉकीला लावलेला न्याय रॉडला, गिझरला आणि चार्जरलाही लागू व्हावा. प्रमाणचिन्हासोबतचा परवाना क्रमांक ब्यूरोच्या नोंदींशी जुळल्याखेरीज वस्तू पडद्यावर येताच कामा नये. 'बीआयएस केअर' या ॲपवर तो क्रमांक सामान्य ग्राहकास घरबसल्या तपासता येतो. कोट्यवधी मागण्यांचा क्षणात हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना ते जमत नाही, असे कोण म्हणेल?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत विजेचे साहित्य घडते. शिलापूर येथे केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची चाचणी प्रयोगशाळा उभी राहिली आहे. चाचणीस वेळ आणि पैसा लागतो हे या शहरास नव्याने सांगावयास नको. तो खर्च सोसणारा प्रामाणिक कारखानदार महाग ठरतो आणि तो चुकवणारा स्वस्त म्हणून खपतो, हा व्यापार नव्हे. ग्राहकाने सावध असावेच. परंतु जो माल मांडून त्यावर नफा मिळवतो, चिन्ह पाहण्याचे पहिले कर्तव्य त्याचे आहे. शासनाने हा नियम आगामी हिवाळ्यापूर्वी करावा.