हात सोडणारी आई

रमजान सुरू झाला की संध्याकाळी कोथरूडकरांच्या गाड्या कॅम्पाकडे आणि मोमीनपुऱ्याकडे वळतात. खिमा समोसा, मालपुवा, फिरनी ही नावे आता मयूर कॉलनीपासून डहाणूकर कॉलनीपर्यंत कुणाला परकी राहिलेली नाहीत. पदार्थांची ओळख अशी चटकन होते. गोष्टींचे तसे नसते. एकच गोष्ट शेजारच्या घरातही सांगितली जाते, हे कळायला कधी कधी आयुष्य जाते. दोन बायका आणि एका तान्ह्या बाळाची गोष्ट ही त्यातलीच एक.

मराठी घरात आजी ही गोष्ट सांगते, तेव्हा न्याय करणारा बहुधा बिरबल असतो. चर्चमध्ये आणि सिनेगॉगमध्ये तो राजा शलमोन असतो. मुसलमान घरात त्याच राजाला हजरत सुलेमान अलैहिस्सलाम म्हणतात.

बायबलमधल्या गोष्टीत दोघी एकाच घरात राहतात. एकीचे बाळ रात्री दगावते आणि ती दुसरीच्या बाळावर हक्क सांगते. साक्षीदार कुणीच नाही. राजा तलवार मागवतो आणि बाळाचे दोन तुकडे करून दोघींना वाटून द्या म्हणतो. एक म्हणते, ठीक आहे. दुसरी कळवळून म्हणते, तिलाच द्या, पण मारू नका. राजा ओळखतो, आई हीच.

युरोपच्या चित्रकारांना या क्षणाने शतकानुशतके मोहात पाडले. राफाएलने १५०८ ते १५११ या काळात व्हॅटिकनमधल्या एका दालनाच्या छतावर तो रंगवला. त्या दालनाला पुढे पोपच्या न्यायपीठाचेच नाव पडले. अठराव्या शतकात तिएपोलोने उदिने शहरातल्या धर्मगुरूंच्या प्रासादात, न्यायदानाच्या दालनातल्या छतावर हाच प्रसंग चितारला. न्याय करणाऱ्याने मान वर केली की उगारलेली तलवार आणि तिच्याखालचे मूल दिसावे, ही त्यामागची कल्पना. हे काम फ्रेस्कोचे, म्हणजे चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंग चढवायचा. गिलावा वाळला की रंग भिंतीचाच होऊन जातो. हात चुकला तर तेवढा गिलावा खरवडून काढायचा आणि पुन्हा सुरुवात करायची.

हदीसमध्ये ही गोष्ट हजरत अबू हुरैरा यांच्याकडून येते आणि तिथे तिला एक वेगळे वळण आहे. एका बाईचे मूल लांडग्याने नेलेले असते. उरलेल्या मुलावरून दोघी भांडत हजरत दाऊद यांच्याकडे येतात आणि निकाल वयाने मोठ्या बाईच्या बाजूने लागतो. परतताना त्या सुलेमान यांना भेटतात. ते म्हणतात, सुरी आणा, मी मूल दोघींत वाटून देतो. धाकटी घाईने म्हणते, असे करू नका, मूल तिचेच आहे. तेव्हा सुलेमान मूल धाकटीला देतात.

थोडे थांबून पाहण्यासारखी ही जागा आहे. धाकटीने भर न्यायासमोर कबुली दिली होती की मूल माझे नाही. कागदावर पाहिले तर खटला तिथेच संपतो. पण न्याय करणाऱ्याने शब्दांमागची भीती ऐकली आणि तिच्याच बोलण्याविरुद्ध तिला न्याय दिला. शिवाय आधीचा निकाल वडिलांचा होता आणि दुरुस्त करणारा मुलगा होता. यात वडिलांचा कमीपणा कुणालाच वाटलेला नाही.

या चित्रासाठी मराठी माणसाला इटलीला जायची मात्र गरज नाही. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात महाउम्मग्ग जातकातले प्रसंग रंगवलेले आहेत आणि त्यात मुलावरून भांडणाऱ्या दोन स्त्रियांचा प्रसंगही आहे. हे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात कोरवून घेतले. जातकात आई आंघोळ करत असताना एक यक्षिणी तिचे मूल पळवते. बोधिसत्त्व महोषध जमिनीवर रेघ ओढतो, मूल मधे ठेवतो आणि एकीला हात, दुसरीला पाय धरून ओढायला सांगतो. मूल रडू लागते तशी आई हात सोडून देते. इथे तलवारही नाही आणि सुरीही नाही. रेघ आणि मुलाचे रडणे एवढ्यावर निकाल लागतो.

अजिंठ्याची चित्रे इटालियन अर्थाने फ्रेस्को नव्हेत. माती, भाताचा तूस आणि तंतू कालवून केलेल्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर ती रंगवली आहेत. म्हणूनच ती नाजूक आहेत. ही लेणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. तिथल्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांच्या कारकिर्दीत, १९२०च्या सुमारास, लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन जाणकार खास इटलीहून बोलावण्यात आले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा धरवला. यझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. बौद्ध चित्रे, मुस्लिम अभ्यासक आणि ख्रिस्ती कारागीर असा हा योग. संरक्षणासाठी चित्रांवर दिलेला लाखेचा लेप मात्र काळाच्या ओघात पिवळा पडत गेला आणि पुढच्या पिढीतल्या तज्ज्ञांना तो हलक्या हाताने काढावा लागला. चांगल्या हेतूने केलेले कामही पुन्हा तपासावे लागते, ते असे.

तरावीहच्या नमाजात महिनाभरात सबंध कुरआन ऐकवले जाते. सतरावा पारा सूरह अंबियाने सुरू होतो. त्यात दाऊद आणि सुलेमान यांच्यापुढे आलेला आणखी एक तंटा आहे. कुणाच्या शेतात रात्री दुसऱ्याची मेंढरे शिरली होती. भाष्यकार सांगतात की दाऊद यांनी नुकसानीपोटी मेंढरे शेतकऱ्याला देऊन टाकायला सांगितली. सुलेमान यांनी तोड सुचवली. मेंढरांच्या मालकाने शेत पूर्ववत करून द्यावे, तोवर दूध आणि लोकर शेतकऱ्याने घ्यावी, मग ज्याचे त्याला परत. कोंडवाडा पाहिलेल्या कुठल्याही गावकऱ्याला हा निवाडा लगेच पटेल. दोघांपैकी कुणीही उद्ध्वस्त होत नाही.

आज कोथरूडसारख्या उपनगरात शेत आणि मेंढरे उरलेली नाहीत. मुलाचे दोन हात दोन बाजूंनी ओढले जाणे मात्र थांबलेले नाही. १८९०च्या पालक व पाल्य कायद्यापासून न्यायालयांना मुलाचे हित पाहावे लागते आणि ताब्याच्या वादात तेच सर्वांत वर मानले जाते. तरीही घरातल्या भांडणात मूल पुष्कळदा पुराव्याची वस्तू होऊन बसते.

ही गोष्ट सांगताना आपण आईच्या त्यागाचे कौतुक करतो आणि थांबतो. पण समोर जागा न्यायाधीश नसता, तर त्या त्यागाची किंमत म्हणून तिचे मूल कायमचे गेले असते. माघार घेणारा हरतो, हा रोजचा अनुभव आहे. वाटणीत, सोसायटीत, नात्यांतही. म्हणून ही कसोटी आईइतकीच पाहणाऱ्याचीही आहे. हात कुणी घट्ट धरला, हे सगळ्यांनाच दिसते. तो कुणी आणि का सोडला, हे पाहायला नजर लागते.

रोज्याचा दिवसही थोडी अशीच नजर देतो. पाणी समोर असते, ते आपले असते, कुणी अडवत नाही, आणि तरी हात आखडतो. मगरीबची अजान होते, खजूर तोंडात जातो. त्या पहिल्या घोटाबरोबर, दिवसभरात आपल्यासाठी कुणी निमूटपणे हात सोडला होता का, एवढे आठवले तरी पुरे.