‘हे तर पुन्हा 1938 झालं!’ : इतिहासप्रेमी मतापासून संशोधनाच्या प्रश्नापर्यंत



युक्रेनच्या युद्धावर गप्पा सुरू झाल्या की दोन प्रकारची माणसं हमखास भेटतात. पहिला म्हणतो, “हे म्युनिक आहे. आत्ता सूट दिली तर पुढे सगळ्यांना भोगावं लागेल.” दुसरा म्हणतो, “हे 1914 आहे. एकमेकांना शह देता देता सगळं जग युद्धात ओढलं जाईल.” दोघांनीही इतिहास वाचलाय, दोघंही प्रामाणिक आहेत. पण एकाचा सल्ला ‘अडून राहा’ आणि दुसऱ्याचा ‘आवरतं घ्या’. युद्ध एकच, आधार इतिहासाचाच, आणि निष्कर्ष मात्र उलट!

आज हाच गुंता सोडवू. तुम्ही संशोधनाकडे वळताय, त्यामुळे ‘माझं मत’ आणि ‘तपासता येईल असा प्रश्न’ यातला फरक ओळखणं तुम्हाला रोज लागणार आहे. विषय कोणताही असो.

दाखला म्हणजे लपलेलं गृहीतक

आधी म्युनिकमध्ये काय झालं ते बघू. सप्टेंबर 1938 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रदेश हिटलरला देऊन टाकला. ज्यांचा प्रदेश जाणार होता, त्या चेक सरकारला वाटाघाटींना बोलावलंही नव्हतं. मार्च 1939 मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये घुसल्या आणि सप्टेंबरमध्ये महायुद्ध सुरू झालं.

‘हे म्युनिक आहे’ म्हणणारा खरं तर तीन विधानं एकदम करतो. समोरच्याची भूक अमर्याद आहे. सवलत दिली तर ती वाढेल. आणि आत्ता अडवणं नंतर अडवण्यापेक्षा स्वस्त पडेल. यातलं प्रत्येक विधान स्वतंत्रपणे खरं किंवा खोटं असू शकतं. ‘म्युनिक’ हा एक शब्द उच्चारला की तिन्ही विधानं तपासणीशिवाय आत शिरतात.

एकच दाखला, तीन निकाल

1950 मध्ये उत्तर कोरियाने दक्षिणेवर हल्ला केला तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांच्या डोक्यात 1930 च्या दशकातली आक्रमणंच होती. अमेरिका युद्धात उतरली. किंमत प्रचंड मोजावी लागली, पण दक्षिण कोरिया टिकला.

1956 मध्ये नासर यांनी सुएझ कालवा कंपनीचं राष्ट्रीयीकरण केलं. ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांना त्यांच्यात मुसोलिनी आणि हिटलर दिसले. पण इजिप्त म्हणजे 1938 चा जर्मनी नव्हता. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलने हल्ला केला, अमेरिकेने दबाव आणला, फौजा माघारी आल्या आणि जानेवारी 1957 मध्ये ईडन यांनी राजीनामा दिला.

28 जुलै 1965 रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी व्हिएतनाममधलं सैन्य 75,000 वरून 1,25,000 वर नेण्याची घोषणा केली. त्या पत्रकार परिषदेतही म्युनिकचा उल्लेख होता. पुढे 58,000 हून जास्त अमेरिकन सैनिक आणि लाखो व्हिएतनामी माणसं मेली.

दाखला एकच, पण निकाल वेगवेगळे. म्हणजे दाखल्याच्या नुसत्या प्रसिद्धीवरून तो इथे लागू पडतो की नाही हे कळत नाही. आणि ही चर्चा चहाच्या टपरीपुरती राहत नाही. दाखला चुकीचा निवडला तर माणसं मरतात.

भाषणातला दाखला की निर्णयातला?

तुम्ही म्हणाल, नेते निर्णय आधीच घेतात आणि दाखला नंतर चिकटवतात. शंका रास्त आहे. पण ती तपासायची कशी?

युएन फूंग खाँग यांनी 1992 च्या ‘अ‍ॅनॉलॉजीज अ‍ॅट वॉर’ या पुस्तकात हेच केलं. त्यांनी नुसती भाषणं घेतली नाहीत, बंद दाराआडच्या चर्चांच्या नोंदीही तपासल्या. त्यांचा मुद्दा असा की व्हिएतनामच्या निर्णयात म्युनिकपेक्षा कोरियाचा दाखला जास्त प्रभावी होता. कोरियात अमेरिकी फौजा उत्तरेकडे सरकल्यावर चीन युद्धात उतरला होता. ती भीती लक्षात घेतली की सैन्य तर वाढवलं, पण उत्तर व्हिएतनामवर जमिनीवरून चाल केली नाही, हे का, ते समजतं.

इथली पद्धत लक्षात ठेवा. ‘अमेरिकेने हस्तक्षेप का केला?’ या प्रश्नाला दहा कारणं सापडतील. ‘अनेक पर्यायांपैकी नेमका हाच का निवडला?’ हा प्रश्न जास्त टोकदार आहे, कारण त्यात दोन स्पष्टीकरणांपैकी एक बाद होऊ शकतं.

मोजायला गेलं तर?

विज्ञान शाखेतून आलेल्यांना हा भाग आवडेल. लुईस फ्राय रिचर्डसन हे हवामानाच्या गणिती अंदाजाचे जनक. पहिल्या महायुद्धात त्यांनी फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात काम केलं आणि पुढे युद्धांचंच गणित मांडायला घेतलं. क्विन्सी राइट यांच्या यादीत 1500 ते 1931 या 432 वर्षांत 299 युद्धं सुरू झाली होती. ती यदृच्छेने सुरू होत असतील, तर पॉयसाँ वितरणानुसार सुमारे 216 वर्षांत एकही युद्ध सुरू व्हायला नको. प्रत्यक्षात अशी वर्षं निघाली 223. एकच युद्ध सुरू झालेली वर्षं अपेक्षित 150, प्रत्यक्षात 142. दोन युद्धांची अपेक्षित 52, प्रत्यक्षात 48.

याचा अर्थ युद्धांना कारणं नसतात असा नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक अपघाताला कारण असतं, तरी शहरातल्या अपघातांचे रोजचे आकडे यादृच्छिक दिसू शकतात. पण ‘दर अमुक वर्षांनी युद्ध होतंच’ असं कोणी ठासून सांगितलं, तर आधी या साध्या शून्य गृहीतकाला हरवून दाखवा, असं म्हणता येतं.

उलट बाजूचा आशावादही याच चाळणीतून जातो. 1945 नंतर महासत्तांमध्ये थेट मोठं युद्ध झालं नाही, म्हणजे जग सुधारलं का? आरन क्लॉसेट यांनी 2018 मध्ये 1823 ते 2003 मधल्या 95 आंतरराष्ट्रीय युद्धांचा डेटा तपासला. त्यांच्या हिशोबाने ही शांतता आणखी 100 ते 140 वर्षं टिकली, तरच ती जुन्या कलापेक्षा वेगळी आहे असं संख्याशास्त्र म्हणू शकेल.

आता ग्रॅहम अ‍ॅलिसन यांचा अमेरिका-चीनबद्दलचा प्रसिद्ध आकडा घ्या. उगवत्या सत्तेने जुन्या सत्तेला आव्हान दिल्याची 500 वर्षांतली 16 उदाहरणं, त्यातल्या 12 वेळा युद्ध. 75 टक्के! पण हे 16 निवडले कोणत्या निकषावर? निवड निर्दोष मानली तरी एवढ्या छोट्या नमुन्यावर 95 टक्के विश्वास-अंतर साधारण 48 ते 93 टक्के येतं. त्यावरून ‘युद्ध अटळ’ म्हणणं जड जाईल.

गोष्ट कुठे तोडली?

आपल्या भाषेत ‘पानिपत झालं’ म्हणजे सगळं संपलं. पण 14 जानेवारी 1761 नंतर दहाच वर्षांनी, फेब्रुवारी 1771 मध्ये, मराठी फौजा दिल्लीत होत्या आणि जानेवारी 1772 मध्ये शाह आलम त्यांच्या आधाराने दिल्लीत परतला. गोष्ट 1761 ला थांबवली तर धडा एक, 1772 ला थांबवली तर दुसरा. म्हणून दाखला ऐकला की त्याची सुरुवात आणि शेवट कोणी ठरवला, ते विचारा.

मग करायचं काय?

रिचर्ड न्यूस्टाट आणि अर्नेस्ट मे यांनी 1986 च्या ‘थिंकिंग इन टाइम’ मध्ये सांगितलेली युक्ती साधी आहे. कागदावर तीन रकाने पाडा: काय माहीत आहे, काय अस्पष्ट आहे, काय गृहीत धरलंय. खाली दाखल्यातली साम्यं लिहा आणि तेवढ्याच प्रामाणिकपणे फरकही लिहा. त्यात मी आणखी एक ओळ घालायला सांगेन: कोणता पुरावा दिसला तर मी हे मत सोडेन?

माझं मत विचाराल तर युक्रेन ना 1938 आहे, ना 1914. 1938 मध्ये अण्वस्त्रं नव्हती आणि 1914 मध्ये अण्वस्त्रांची दहशतही नव्हती. नुसता हा फरक दोन्ही दाखल्यांची मोडतोड करतो. पण दोन्हींमधून दोन चांगले प्रश्न मिळतात. सवलतीने समोरच्याची मागणी वाढते की थांबते? आणि कोणत्या पावलाचा अर्थ समोरचा चुकीचा लावू शकतो? 1962 च्या क्यूबा संकटात केनेडींनी बार्बरा टकमन यांचं 1914 वरचं पुस्तक वाचलेलं होतं. त्याचा उपयोग त्यांना भविष्य सांगायला झाला नाही. गैरसमजातून युद्ध कसं भडकू शकतं, हे मनात ठेवायला झाला.

या आठवड्यात एक काम करा. आंतरराष्ट्रीय राजकारणावरचं तुमचं सगळ्यात ठाम मत निवडा आणि ते तीन रकाने भरा. तिसरा रकाना भरगच्च झाला तर घाबरू नका. तुमच्या प्रपोजलचा प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.