नेम, काडतूस आणि एकसारखेपणा

(द्वितीय वर्ष, कला)

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी मिळविलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या संध्याकाळी इंदापूर तालुक्यातील आमच्या गावच्या पारावरही चर्चा रंगली. हात किती स्थिर असेल, नजर किती तीक्ष्ण असेल, असे जो तो बोलत होता. बंदुकीतून जी वस्तू प्रत्यक्ष सुटते, तिच्याविषयी मात्र कोणी अवाक्षर काढले नाही. प्रस्तुत लेख त्या वस्तूविषयी आहे.

मी रोज एस.टी.ने बारामतीला शिकायला येते आणि एन.सी.सी.ची छात्र आहे. शिबिरात आम्हाला .२२ रायफल हाती मिळाली, तेव्हा पहिला धडा ‘ग्रुपिंग’चा होता. पाच गोळ्या झाडायच्या आणि त्या मध्यावर लागल्या की नाही हे न पाहता एकमेकींच्या किती जवळ लागल्या ते मोजायचे. प्रथम हे उलटेच वाटते. पण विचार करावा तसे पटत जाते. पाचही गोळ्या डावीकडे खाली, पण एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत लागल्या, तर साइट थोडी सरकविली की काम झाले. पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या, तर साइट कोणीकडे सरकविणार? म्हणजे नेमबाजीत अचूकपणाच्या आधी एकसारखेपणा येतो. आणि तो दोघांकडून यावा लागतो, नेमबाजाकडून आणि काडतुसाकडून.

काडतुसाचा वाटा केवढा असतो, याचा हिशेब विज्ञान शाखेतील एका मैत्रिणीने मला वहीच्या पाठकोऱ्या पानावर करून दाखविला. .२२ ची स्पर्धेची गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने सुटते. ५० मीटर जायला तिला जेमतेम एक षष्ठांश सेकंद लागतो, पण तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला सुमारे १२ सेंटिमीटर खाली ओढते. साइट लावताना ही घसरण धरलेलीच असते. आता एखाद्या काडतुसात दारू किंचित कमी पडली आणि वेग १० मीटरने घटला, तर ती गोळी आणखी सुमारे ७ मिलिमीटर खाली जाईल. दहा गुणांचे वर्तुळ आहे १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत फक्त ५.२. गोळीची कड रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो हे खरे. परंतु अंतिम फेरीत गुण दशांशांत मोजतात, तेथे ७ मिलिमीटर म्हणजे फार झाले. आणि या काडतुसात दारू असते किती? एका ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहूनही कमी. स्वयंपाकात चिमूटभर मीठ इकडेतिकडे झाले तर चालते, येथे चिमटीला जागाच नाही.

युरोप-अमेरिकेत ३०० मीटर व त्याहून लांबच्या पल्ल्याचे पुष्कळ नेमबाज म्हणूनच आपली काडतुसे स्वतः भरतात. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी ते जपून ठेवतात. एकाच कारखान्याच्या, तितक्याच वेळा वापरलेल्या पुंगळ्या एकत्र लावायच्या, त्यांची लांबी सारखी करायची, बुडाशी नवी टोपी बसवायची, प्रत्येक पुंगळीसाठी दारू निराळी तोलायची आणि गोळी प्रत्येक वेळी तेवढ्याच खोलीवर बसवायची, असा हा खटाटोप असतो. मग यंत्रावर वेग मोजतात. त्यांना अधिक वेग नको असतो, सगळ्या गोळ्यांचा सारखा वेग हवा असतो.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे, तेव्हा हा उद्योग घरी कोणी करू नये. शिवाय .२२ चे काडतूस पुन्हा भरण्यासारखे नसतेच. त्याला वेगळी टोपी नसते. पेट घेणारा मसाला ओला असताना पुंगळीच्या बुडाच्या कडेत फिरवून पसरविलेला असतो आणि घोडा त्या कडेवर आपटला की ती कायमची चेपते. येथे नेमबाज भरू शकत नाही, निवडू शकतो. एका वेळी, एकाच मालातून तयार झालेल्या काडतुसांना एक लॉट क्रमांक असतो व तो खोक्यावर छापलेला असतो. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला एली कंपनीच्या आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआ कंपनीच्या चाचणी केंद्रांत रायफल शिकंज्यात घट्ट धरून निरनिराळ्या लॉटची काडतुसे झाडून पाहतात. माणसाचा हात त्यातून बाहेर काढलेला असतो. जो लॉट त्या नळीतून सर्वांत लहान ग्रुप देईल तो नेमबाज घेतो. मौजेची गोष्ट अशी, की एका रायफलीला उत्तम ठरलेला लॉट शेजारच्या रायफलीला सामान्य ठरू शकतो. स्थळे पाहताना वडीलधारी माणसे जे बोलतात त्याची येथे आठवण होते, असो.

आमच्यासारख्यांचा संबंध मुख्यतः १० मीटरच्या हवेच्या रायफलीशी व ४.५ मिलिमीटरच्या छऱ्यांशी येतो. तेथे दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा शिशाचा, कमरेत बारीक, मागे घेर असलेला. शिसे मऊ, डबा हातातून पडला तरी घेर चेपतो. इंदापूरच्या एका सोनारकाकांच्या मिलिग्रॅमच्या काट्यावर मी एका डब्यातले काही छर्रे तोलून पाहिले. ते अर्ध्या ग्रॅमच्या थोडे वर भरले आणि एकमेकांत फरक काही मिलिग्रॅमचाच निघाला. सोनारकाका हसून म्हणाले, “पोरी, एवढ्या फरकाला मी सोन्यातसुद्धा भांडत नाही!” माझेही मत असे झाले आहे की चांगल्या डब्यातील छर्रे तोलत बसण्यापेक्षा चेपलेले बाजूला काढणे आणि एकच लॉट वापरणे अधिक उपयोगी.

हे इतके खोलात सांगण्याचे कारण माझी एक मैत्रीण. आम्ही दोघींनी सराव बरोबरच सुरू केला. जेथे जात होतो तेथे निरनिराळ्या डब्यांतले उरलेले छर्रे एका बरणीत ओतलेले असत. तिचे छर्रे विखरून लागत. “तुझा हात स्थिर नाही,” असे तिला सांगण्यात आले. घरच्यांना निमित्त मिळाले आणि दिवाळीनंतर तिचे येणे बंद झाले. नंतर मी वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून बरणीतल्या छऱ्यांचे पाच-पाचचे पाच ग्रुप घेतले आणि एकाच डब्यातल्या छऱ्यांचेही तेवढेच. एका ग्रुपवरून काही ठरत नाही, योगायोगाने एखादा लहान येतोच, म्हणून पाच. प्रत्येकात सर्वांत लांबच्या दोन भोकांमधले अंतर मोजले. बरणीचे ग्रुप दर वेळी मोठे होते. यावरून तिचा हात स्थिर होता असे सिद्ध होत नाही. अस्थिर होता असे म्हणायलाही मग आधार उरत नाही. नवशिक्याचा हात छऱ्यापेक्षा जास्त चुकतो हेही मला ठाऊक आहे. परंतु दोन्ही चुका एकाच कागदावर पडत असतील, तर आधी छऱ्याची चूक वेगळी काढली पाहिजे.

ते कागद घेऊन मी तिच्या घरी गेले. तिचे वडील ओसरीवर डाळिंबांची प्रतवारी करीत बसले होते. कोणते फळ कोणत्या खोक्यात, हे त्यांचा हात न तोलता ओळखतो. त्यांनी कागद बराच वेळ पाहिले आणि मग तिच्याकडे फूटपट्टी मागून एकेक ग्रुप स्वतः मोजला. “बरणीत मिसळ माल होता म्हण की,” एवढेच बोलले. पुढच्या सत्रात तिला पाठवायचे की नाही, हे त्यांच्या घरी अजून ठरायचे आहे. तिच्यासाठी एका लॉटचा डबा मी न उघडता ठेवला आहे.