कपित्थ : फळ, वृक्ष आणि चूर्ण

कपित्थाष्टक चूर्ण बहुतेक चिकित्सालयांत असते. परंतु कवठ सबंध रूपाने फारच थोड्या औषधालयांत येते. वाळलेला, पुष्कळदा कुटलेलाच गर विकत घेतला जातो आणि तेथेच घोटाळ्यास वाव राहतो.

शार्ङ्गधरोक्त पाठात कपित्थ ८ भाग, शर्करा ६ भाग व बिल्व ३ भाग आहे. कवठाऐवजी बेलाचा गर आला, तर बिल्व ११ भाग होते आणि कपित्थ उरतच नाही. दोन्ही द्रव्ये ग्राही असल्याने अतिसारात उपशय मिळेलही. मात्र अम्ल रसाचे रोचनकार्य बिल्वाकडून होणार नाही. म्हणून शक्यतो फळच घ्यावे. कवठाचे कवच करडे-पांढरट व खरखरीत असते, बेलाचे गुळगुळीत. बेलाच्या बिया चिकट द्रवाने भरलेल्या कप्प्यांत असतात, कवठाच्या गरभर विखुरलेल्या. झाड पाहता आले तर प्रश्नच मिटतो : बेल त्रिदल, कवठाच्या पानास समोरासमोर बहुधा ५ ते ७ पर्णिका असून चुरगळल्यास बडीशेपेसारखा वास येतो.

दुसरा प्रश्न पक्वतेचा. चरकाचार्यांनी आम कपित्थास कंठघ्न म्हटले आहे, तर भावप्रकाशात पक्व फळ कंठशोधन सांगितले आहे. या चूर्णाच्या फलश्रुतीत गलरोग स्पष्टपणे येतात. तेव्हा कच्च्या फळाचे चूर्ण गळ्याच्या रुग्णास देणे पाठाच्या हेतूशीच विसंगत ठरते, असे आमचे मत आहे. परीक्षा सोपी आहे : फळ सुमारे वीतभर उंचीवरून फरशीवर सोडावे. कच्चे उसळते, पक्व उसळत नाही. कच्ची फळे दोन आठवडे उन्हात ठेवून पिकविता येतात. गजभुक्तकपित्थन्याय मात्र विसरू नये. बाहेरून अभंग दिसणारी काही फळे आतून पोकळ निघतात, म्हणून प्रत्येक गोणीतील चार-दोन फळे फोडून पाहावीत.

महाशिवरात्रीच्या सुमारास बाजारात कवठे येतात, ही वागळे इस्टेटसारख्या वसाहतीत काम करणाऱ्या औषधालयांस मोठी सोय आहे. ठाण्याच्या पावसाळी हवेत हा शर्करायुक्त गर वाळत नाही, वाळलेला पुन्हा ओलावतो. फेब्रुवारी-मार्चमध्येच बिया काढून पातळ थरात गर पसरावा. पात्रे स्टेनलेस स्टीलची हवीत. अम्लामुळे लोखंड व तांबे वर्ज्य. पत्र्याच्या गाळ्यात वाळवण घातल्यास धूळ आणि शेजारच्या कारखान्याचा वास यांकडे लक्ष असावे. जूनपूर्वी हवाबंद डब्यांत भरून मोकळे व्हावे.

वृक्षलागवडीविषयी थोडेसे. कवठास स्पष्ट कोरडा ऋतू मानवतो, त्यामुळे ठाणे परिसरात पाण्याचा निचरा होणारी उताराची जागाच निवडावी. बियांपासून वाढविलेल्या झाडास फळ येण्यास १५ वर्षेही लागतात. कवठाच्याच रोपावर डोळा भरल्यास हा काळ कमी होतो. फांद्यांवर काटे असतात, म्हणून झाड वाटेलगत लावू नये.

औषधास निवडून उरलेल्या फळांची जेली उत्तम होते. पाश्चात्त्य देशांत आंबट रानसफरचंदांचा जो उपयोग होतो, तोच पेक्टिनमुळे येथे कवठाचा होतो. गुळातील चटणी तर घरोघरी माहीत आहेच; पथ्यात ती सांगताना मधुमेही रुग्णास गुळाचे प्रमाण आठवणीने विचारावे.