शेपटी मजबूत हवी, पण जड नको!

मुंबई, प्रतिनिधी

वन रूम किचनमधील जेवणाच्या टेबलावर महिनाभर रात्री जागवून उभे केलेले रेडिओ नियंत्रित विमान पहिल्याच उड्डाणात कोसळते, तेव्हा दोष बहुधा वाऱ्याला किंवा रिमोट धरणाऱ्या हाताला दिला जातो. अवशेष गोळा करताना मात्र पुष्कळदा निराळेच चित्र दिसते. पंख शाबूत, मोटार शाबूत आणि शेपटी मुळापासून उखडलेली! जमिनीवर आदळल्यामुळे शेपटी मोडली, की शेपटी मोडल्यामुळे विमान आदळले, हा प्रश्न मग उरतो. बोरिवली-मुलुंडच्या छांदिष्टांपुढे तर आणखी एक संकट असते. मैदानापर्यंत पोहोचण्याआधी लोकलच्या लगेज डब्यातील एका धक्क्यानेही शेपटीचा सांधा खिळखिळा होऊ शकतो.

किटमधून येणारी शेपटी मुळातच हलकी असते. बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाच्या किंवा फोमच्या पातळ पट्ट्यांपासून ती तयार होते. हा कंजूषपणा नव्हे, त्यामागे गणित आहे.

दहा ग्रॅमची किंमत चाळीस ग्रॅम

विमानाचा तोल एका बिंदूभोवती साधलेला असतो. साधारण विमानात हा बिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्के मागे येतो. समजा, तेथून शेपटी ७५ सेंटिमीटर आणि नाकातील बॅटरी २५ सेंटिमीटर अंतरावर आहे. शेपटीवर दहा ग्रॅम गोंद थापला, तर तोल राखण्यासाठी नाकात तीस ग्रॅम वजन घालावे लागते. म्हणजे विमान एकूण चाळीस ग्रॅमने जड झाले. हे वजन न घातल्यास शेपटी खाली ओढली जाते, विमान नाक वर करून अस्थिर होते आणि सावरायला सवडच मिळत नाही.

दुसरीकडे शेपटीवरील भारही थोडाथोडका नसतो. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो. सूर मारून खाली आलेले विमान एकदम वर खेचले, की आडव्या शेपटीच्या मुळाशी सर्वाधिक ताण येतो. तेव्हा प्रश्न गोंद किती वापरावा हा नसून मजबुती नेमकी कोठे द्यावी, हा आहे.

जुहूच्या विमानाचा धडा

या प्रश्नाचे एक जुने उत्तर आपल्याच उपनगराशी जोडलेले आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले, ते 'पस मॉथ' जातीचे विमान घेऊन. या जातीची काही विमाने त्या काळात हवेतच मोडून पडली होती. वादळी हवेत पंखाला आधार देणारी पुढची तिरकी दांडी मधोमध वाकते आणि मग पंख दगा देतो, असे चौकशीत आढळले. त्यावर संपूर्ण पंख जाडजूड करण्यात आला नाही. त्या दांडीच्या मध्यावर एक छोटी जोडदांडी बसवून तिला आधार देण्यात आला. कमकुवत जागा हेरून तेवढीच सावरणे, हे सूत्र शेपटीलाही लागू पडते.

सांधा आधी, सळी नंतर

पहिले लक्ष सांध्याकडे द्यावे. तयार किटमधील शेपटीवर रंगीत प्लॅस्टिकचे आवरण चढवलेले असते. त्यावरच गोंद लावल्यास शेपटी लाकडाला नव्हे, आवरणाला चिकटते आणि आवरणासकट सुटून येते. म्हणून सांध्याच्या जागेवरील आवरण काढून लाकडाला लाकूड भिडवावे. मात्र ब्लेडचा घाव लाकडात उतरू देऊ नये. ती बारीक चीर नेमकी सर्वाधिक ताणाच्या जागी येते आणि शेपटी तेथूनच मोडते. सोल्डरिंगच्या गरम टोकाने आवरण वितळवून कापणे अधिक सुरक्षित.

चिकटवण्यासाठी ॲराल्डाइटसारखा दोन भागांचा गोंद योग्य. तो वाळेपर्यंत हालचालीला वेळ मिळतो. त्या अवधीत विमानाच्या नाकापासून आडव्या शेपटीच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरा ताणून अंतर समान असल्याची खात्री करावी. फेविक्विकच्या जातीचा गोंद झटपट धरतो, पण ठिसूळ असतो. थर्माकोलवर तर त्याचा साधा प्रकार वापरूच नये, थर्माकोल विरघळतो. उभ्या आणि आडव्या शेपटीच्या कोपऱ्यात बाल्साची त्रिकोणी पट्टी बसवली, की चिकटण्याचे क्षेत्र वाढते आणि वजन जेमतेम ग्रॅमभर.

त्यानंतर सळी. दोन मिलिमीटर जाडीची, ४० सेंटिमीटर लांबीची कार्बनची सळी सुमारे दोन ग्रॅमची असते. आडव्या शेपटीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाच पाडून ती बसवली, की वाकणे लक्षणीय कमी होते. याउलट ६०० चौरस सेंटिमीटरच्या शेपटीवर दोन्ही बाजूंनी अगदी पातळ, म्हणजे चौरस मीटरला २५ ग्रॅमचे काचतंतूचे कापड चढवले, तर कापड आणि रेझिन मिळून सहा ग्रॅम वाढतात. त्यांची भरपाई नाकात १८ ग्रॅमने करावी लागते.

मोठ्या विमानासाठी तारांचे ताण हा सर्वांत किफायतशीर उपाय. उभ्या शेपटीच्या मध्यापासून आडव्या शेपटीपर्यंत आणि तेथून धडाच्या तळापर्यंत बारीक पोलादी तार दोन्ही बाजूंना ओढली, की त्रिकोण तयार होतात आणि त्रिकोण सहजासहजी आकार बदलत नाही.

फडफड ओळखा

शेपटी नेहमी भारानेच मोडते असे नाही. एलिव्हेटर किंवा रडरच्या बिजागऱ्या सैल असतील, त्यांना जोडणारी दांडी लवचीक असेल, तर ठरावीक वेगाला हे भाग थरथरू लागतात आणि काही क्षणांत शेपटीच्या चिंधड्या होतात. उड्डाणात भुणभुण ऐकू आली, तर तत्काळ वेग कमी करून विमान उतरवावे. बिजागऱ्या घट्ट करणे, फटीवर पातळ चिकटपट्टी लावणे आणि दांडीला मध्ये आधार देणे, हे त्यावरचे उपाय.

काम संपले की शेपटीचे टोक दोन बोटांत धरून हलकेच पिळून पाहावे. सांधा हलता कामा नये. सांधा स्थिर असून धडच पिळवटत असेल, तर धडात तिरकी पट्टी हवी. शेवटी दोन बोटांवर विमान तोलून पाहावे. वजन घालण्यापूर्वी बॅटरी पुढे सरकवता येते का, हे आधी तपासावे.

उडवायचे कोठे?

२०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, छंद वा शिक्षणासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या विमानांची स्वतंत्र व्याख्या असून, ती उडवण्यासाठी प्रकार प्रमाणपत्राची सक्ती नाही. याचा अर्थ कोणत्याही मैदानात उडवण्याची मुभा आहे, असा नाही. अंधेरी आणि घाटकोपर तर विमानतळाला खेटून आहेत. सरकारच्या 'डिजिटल स्काय' नकाशावरील लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीविना उड्डाण करता येत नाही. शिवाय मुंबई पोलिस वेळोवेळी मनाई आदेश काढतात. तो लागू आहे का, हे घरातून निघण्यापूर्वीच पाहावे.

किलो-दीड किलोचे विमान शेपटी गमावून कोसळते, तेव्हा त्याची दिशा कोणाच्याच हाती राहत नाही आणि उपनगरातल्या मैदानाच्या कडेला मुले क्रिकेट खेळत असतात. टेबलावर सांध्यासाठी दिलेली एक जादा संध्याकाळ केवळ विमान वाचवण्यासाठी नसते.