गाठ एक, पेशी नाना जातींच्या



मागे गट कार्यालयात एका सभासदांनी आम्हांला विचारले, "गाठ तर थेच ना, मंग पुन्हा तुकडा कायले?" त्यांच्या मंडळींच्या स्तनाच्या गाठीवर तीन वर्षांपूर्वी उपचार झाले. आता हाड दुखू लागले, तर बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तिथला तुकडा तपासायला सांगितला. पहिला रिपोर्ट घरात असताना दुसरा खर्च कशाला? सवाल रास्त आहे.

बेणे घेताना आपण प्लॉट एकजात आहे का ते पाहतो. कर्करोगाची गाठ एकजात नसते. सुरुवात एका बिघडलेल्या पेशीपासून झाली तरी ती दुभागत जाताना वंशसूत्रात नव्या चुका होतात आणि एकाच गाठीत निरनिराळ्या वाणांच्या पेशी नांदू लागतात. अमेरिकेचे पीटर नॉवेल यांनी हा विचार 1976 साली मांडला. औषधाने पुष्कळ पेशी मरतात. ज्यांना ते लागू पडत नाही त्या उरतात व त्यांचीच पैदास वाढते. कपाशीवर तेच ते औषध फवारून अळीच्या बाबतीत आपण दुसरे काय केले?

याहून नवलाची गोष्ट म्हणजे, वंशसूत्र न बदलताही पेशी रूप पालटते. सखल रानात पाणी साचून राहिले की उभ्या उसाच्या कांड्यांना मुळ्या फुटतात. जात तीच, वागणे बदलले. तशीच गाठीतली पेशी शेजारणींना चिकटून राहणे सोडते, सुटी होऊन रक्तावाटे हाडात जाते आणि तिथे पुन्हा बस्तान मांडते. काही तर वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात.

पेशींचे हे वागणे पाहायला त्या शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात वाढवाव्या लागतात. आपल्याकडे तशी प्रयोगशाळा मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी उभारली. उंदरांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यासही त्यांनी केला. 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

आता तुकड्याचे. पेशीत इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व हर-टू यांच्या खुणा आहेत का, यावर औषध ठरते. पहिल्या दोन असतील तर संप्रेरकाला अडवणाऱ्या गोळ्या, हर-टू जास्त असेल तर त्यावरचे वेगळे इंजेक्शन. तिन्ही नसतील तर या गोळ्या देऊन उपयोग नाही, दुसरा मार्ग धरावा लागतो. उलटलेल्या रोगात काही बायांच्या या खुणा बदललेल्या निघतात. जुन्या कागदावर उपचार केले तर पैसा जातो आणि वेळही.

सुई लावली की रोग पसरतो, ही भीती मात्र सोडावी.

जाताना जुना रिपोर्ट न्यावाच. शिवाय पहिल्या तुकड्याचा मेणातला ठोकळा व काचपट्ट्या प्रयोगशाळेकडून मागून सोबत ठेवाव्यात. डॉक्टरांना दोन्ही ताडून पाहता येतात.